पिकाचू यहुदी होता का?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'धर्म आणि बालपण'. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. मी हायस्कूलचा मास्तर आहे, आलिम नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. म्हणून मी फक्त एका खेळण्याबद्दल बोलणार आहे. ते खेळणं माझ्या धाकट्या भावाचं होतं आणि ते मी माझ्या हातानं जाळलं. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, तो आठ.

आमचं गाव खेड तालुक्यात. तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना सांगायला नको, घरटी एक माणूस आखातात. अब्बा दम्मामला ड्रायव्हर होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. येताना दोरीनं बांधलेले खोके, त्यात दुधाची पावडर, ब्लँकेट, अत्तर, टॉर्च. २००० साली आले तेव्हा भावासाठी त्यांनी एक पिवळं रबरी खेळणं आणलं. दाबलं की चीं करायचं. सोबत रंगीत कार्डांचा एक गठ्ठा. खेळण्याचं नाव पिकाचू, हे कार्डावरून कळलं. आम्ही त्या सगळ्या प्रकाराला 'पोकेमन' म्हणायचो. गंमत म्हणजे आमच्यापैकी कुणीही त्या कार्टूनचा एकही भाग पाहिलेला नव्हता. आपल्याकडे टीव्हीवर ते २००३ मध्ये आलं. त्यामुळे त्या प्राण्यांच्या गोष्टी भाऊ स्वतःच रचायचा. एक आग ओकणारा होता, तो म्हणे आमच्या बंबाखाली राहतो.

मार्च २००१ मध्ये सौदीच्या ग्रँड मुफ्तींनी पोकेमॉनविरुद्ध फतवा काढला. अब्बांचा शुक्रवारी फोन यायचा. त्या शुक्रवारी ते म्हणाले, "ते पिवळं घरातून काढून टाका. इथं बंदी आलीय." बस, एवढंच. अब्बा मोजक्या बोलण्याचे, आणि फोनचं मिनिट महाग. मग काही दिवसांनी सुट्टीवर आलेल्या एका चाचांनी उर्दूतलं एक पत्रक आणलं. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं पुसट. मला मकतबामुळे उर्दू वाचता येत होतं, आणि येतं हे लोकांना दाखवायची हौस त्याहून जास्त होती. असरच्या नमाजनंतर पारावर पोरं जमवून मी ते मोठ्यानं वाचलं. 'पोकेमॉन' या शब्दाचा अर्थ 'मी यहुदी आहे' असा आहे, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

त्याच संध्याकाळी अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात मी पिकाचू आणि कार्डं टाकली. रबर जळताना काय वास येतो ते तुम्हाला माहीत असेल. अम्मा मधे पडली नाही, कारण अब्बांनीच सांगितलं होतं. भाऊ रडला नाही. थोडा वेळ धुराकडे बघत राहिला आणि मग मला विचारलं, "भाई, म्हणजे मी एवढे दिवस यहुदी होतो काय रे?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, "आता नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात मशिदीतल्या मौलानांना हे सांगितलं. मला शाबासकी हवी होती. मौलाना बिहारचे, वयस्कर. ते वजू करता करता थांबले आणि म्हणाले, "जला क्यों दिया बाबू? छोटा भाई है तुम्हारा." आणि पुन्हा वजू करू लागले. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या सभांमध्ये प्रत्येक गोष्टीचं खापर गावातल्या मौलानांवर फोडायची सवय आहे. फतवा रियाधमधून निघाला, पण बंब पेटवणारा मी होतो. शाळेत जाणारा, पेपर वाचणारा, विज्ञानात चांगले मार्क असणारा.

आता त्या फतव्यात काय होतं ते पाहू. आपण टिंगल करून पुढे जातो, ते मला पटत नाही. त्यातले आक्षेप साधारण असे: एक, हा खेळ जुगारासारखा आहे. दोन, यातले प्राणी एकातून दुसऱ्यात बदलत जातात, म्हणजे हा डार्विनचा उत्क्रांतिवाद मुलांच्या डोक्यात भरतोय. तीन, कार्डांवर सहा टोकांचा तारा आहे, तो झायोनिझमचा. शिवाय क्रॉस आणि शिंतो धर्माची चिन्हं. नावाच्या अर्थाची गोष्ट म्हणजे तेव्हा अरब देशांत फिरणारी अफवा होती. 'पॉकेट मॉन्स्टर' या दोन इंग्रजी शब्दांचं जपानी लोकांनी केलेलं ते लघुरूप, खिशातले राक्षस. जपानीत तसा काही अर्थ होत नाही.

उत्क्रांतीचं बघा. हा खेळ बनवणारे सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा गावात लहानाचे मोठे झाले. त्यांना किडे जमवायचा नाद होता. पुढे शहर वाढलं, तळी बुजली, रानं गेली. आजच्या मुलांना किडे पकडण्याचा तो आनंद खेळातून तरी मिळावा, हे त्यांच्या डोक्यात होतं. १९९६ मध्ये पहिला खेळ बाजारात आला. त्यात कॅटरपी नावाचा सुरवंट आहे. त्याचा कोष होतो आणि कोषाचं फुलपाखरू. हा डार्विन नाही. आमच्या सहावी-सातवीच्या पोरांनाही हे कळतं. जीवशास्त्राच्या मास्तरांनी तक्रार करायची तर ती उलटी करावी लागेल, की याला उत्क्रांती का म्हणता, हे तर रूपांतरण आहे! आमच्या घरामागच्या लिंबाच्या झाडावर दर पावसाळ्यात हेच घडायचं आणि त्यावर कुणी फतवा काढला नव्हता.

आणि यहुदी. मी आयुष्यात एकही यहुदी पाहिला नव्हता. तरी तो शब्द शिवीसारखा वापरायचा हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठून आलं हे? त्या पत्रकासारख्याच कागदांतून, कॅसेटमधून. आमच्या गावाहून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायली लोक सांगतात की त्यांचे पूर्वज जहाज फुटून तिथं किनाऱ्याला लागले. शतकानुशतकं हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी काम बंद ठेवत होते, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, किहीमकर. घरात मराठी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. म्हणजे ज्या माणसांशी मी माझ्या भाषेत बोलू शकलो असतो, त्यांचं नाव मी एका जपानी उंदराला शिवी म्हणून दिलं. इस्रायल सरकार पॅलेस्टिनी माणसांशी जे करतं त्याविरुद्ध आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण आठ वर्षांच्या मुलाला धूर बघत 'मी यहुदी होतो का' असा प्रश्न पडावा, यात गाझातल्या कुठल्या मुलाचं भलं झालं?

राहिला जुगाराचा आक्षेप. तो मात्र वजनदार होता, हे कबूल करायला हवं. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत दुर्मीळ कार्ड निघेल या आशेनं. नाही निघालं की पुन्हा घ्यायचं. अमेरिकेत १९९९ मध्ये काही पालक याच मुद्द्यावर कोर्टात गेले होते. पुढे २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी काही व्हिडिओ गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. मुफ्तीसाहेब या एका मुद्द्यावर थांबले असते तर आज आपण त्यांना दूरदृष्टीचे म्हणालो असतो. पण बाकीचे मुद्दे इतके चटकदार होते की हा एकच खरा मुद्दा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. आमच्या पत्रकात तो शेवटच्या ओळीत होता. मी वाचलाही नाही, चहाची वेळ झाली होती.

आता तुम्हाला वाटेल, हे आपल्याच लोकांचं वेड. तसं नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जेरी फॉलवेल या बड्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या नियतकालिकानं पालकांना सावध केलं की टेलिटबीजमधला टिंकी विंकी समलिंगी आहे. पुरावा? त्याचा रंग जांभळा, डोक्यावर त्रिकोण आणि हातात पर्ससारखी पिशवी. हसा, हसा. हे पात्र एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी होतं. २००७ मध्ये पोलंडमध्ये बालहक्कांसाठी नेमलेल्या सरकारी बाईंनी पुन्हा तीच शंका काढली आणि जगभर हसं झाल्यावर माघार घेतली.

आणि २००८ चा किस्सा तर आपण प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. अमेरिकेत फिशर-प्राइसची एक तान्ह्या बाळाची बाहुली होती, ती बोबडे आवाज काढायची. काही पालकांना ऐकू आलं की ती 'इस्लाम हाच प्रकाश आहे' असं इंग्रजीत म्हणते. बातम्या झाल्या, काही दुकानांनी बाहुली काढून टाकली. कंपनीनं सांगितलं की तिच्या रेकॉर्डिंगमध्ये धड शब्द एकच आहे, 'मामा'. बाकी सगळं बाळाचं अगं-अगं. पण ज्यांना ऐकायचं होतं त्यांना ते स्पष्ट ऐकू येत होतं. २००१ नंतर अमेरिकेत मुसलमानाची जी भीती पसरली होती, ती एका प्लास्टिकच्या बाहुलीच्या तोंडून बोलली. तिकडे त्यांना बाहुलीत आपण दिसलो, इकडे आम्हाला पिकाचूत यहुदी दिसला. हे कान एकाच जातीचे आहेत. अशा अफवेनं आपल्याला कसं वाटतं ते आपल्याला माहीत आहे. कुणी म्हणतं हे दुकान 'त्यांचं' आहे, कुणी म्हणतं तो फेरीवाला अमुक करतो. तरी आपल्या ग्रुपवर तसलाच मेसेज आला की आपण तो पुढे ढकलतो.

मग मुलांच्या कार्टूनमध्ये धोका नसतोच का? असतो. पोकेमॉनच्याच इतिहासात तो आहे. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग दाखवला गेला. त्यात स्फोटाच्या एका दृश्यात लाल आणि निळा उजेड सेकंदाला साधारण बारा वेळा लखलखला, काही सेकंदच. त्या रात्री सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. कुणाला झटके, कुणाला उलट्या, कुणाला भोवळ. खरी इजा ही. यावर जपानी लोकांनी काय केलं? मालिका चार महिने बंद ठेवली. डॉक्टर बसवले. उजेडाचे झपके किती वेगानं आणि कोणत्या रंगात दाखवावेत याचे नियम प्रसारण संस्थांनी केले. आजही जपानी कार्टूनच्या सुरुवातीला पट्टी येते, की खोलीत दिवा लावा आणि टीव्हीपासून लांब बसा. यात सैतान कुठेच नव्हता, म्हणून ते दुरुस्त करता आलं. पिकाचू पुन्हा पडद्यावर आला, आणि तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही.

माझ्या वर्गात पालक येतात, म्हणतात, सर, कार्टूननं पोरगं बिघडलं. मी विचारतो, किती वेळ बघतो? ते माहीत नसतं. झोपतो किती वाजता? माहीत नसतं. कार्टूनच्या मधल्या जाहिराती कसल्या असतात? कधी सोबत बसलेलेच नसतात. पण कुठल्या कार्टूनमध्ये कुठल्या धर्माचं काय लपवलंय, हे मात्र पाठ असतं. यात हिंदू पालक आले, मुसलमान पालकही आले.

आता कुणीतरी विचारेल, आणि दर वेळी विचारतंच, की सर, पण चित्राबद्दल, मूर्तीबद्दल हदीस आहेत त्यांचं काय? आहेत. आणि बुखारीत हेही आहे की हजरत आयशा नबींच्या घरात बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी येत. नबी आले की मैत्रिणी लपत आणि तेच त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. अबू दाऊदच्या संग्रहात पंखांच्या घोड्याची हकिकत आहे. वाऱ्यानं पडदा उडाला, आतल्या बाहुल्या दिसल्या, त्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा. नबींनी विचारलं, घोड्याला पंख कसे? आयशा म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे ऐकलं नाही का? त्यावर नबी असे हसले की दाढा दिसल्या. आशुराच्या रोज्याच्या दिवशी भुकेनं रडणाऱ्या मुलांना मदिनेतल्या बायका लोकरीची खेळणी करून देत, हेही बुखारीत आहे. बहुसंख्य फकीहांनी मुलांच्या बाहुल्यांना सूट दिली ती याच आधारावर. हे सगळं त्या पत्रकात नव्हतं.

पण मी तुमच्याशी प्रामाणिक राहतो. समजा या हदीस नसत्या, तर मग भावाचं खेळणं जाळणं बरोबर ठरलं असतं का? माझ्या मते नाही. म्हणून मी फक्त आधार दाखवून थांबत नाही. कुणाला आधारानं बळ येत असेल तर तो घ्यावा, पण आपल्यासमोर उभ्या असलेल्या पोराचा चेहरा हाही एक आधार आहे. मौलानांना तो दिसला होता.

पुढची गोष्ट जराशी कडवट आहे. २००३ मध्ये सौदीच्या धार्मिक पोलिसांनी बार्बीला 'यहुदी बाहुली' म्हणून धोकादायक ठरवलं. त्याच वर्षी एका अरब कंपनीनं फुल्ला नावाची बाहुली आणली, अबाया घातलेली, गुलाबी मुसल्ला मिळणारी. चांगली गोष्ट आहे, आपल्यासारखी दिसणारी बाहुली मुलींना मिळायलाच हवी. पण कपडे वेगळे, पर्स वेगळी, छत्री वेगळी, सगळं सुटं विकत घ्यायचं, दुकानदारी बार्बीचीच. २०२३ मध्ये बार्बी सिनेमा सौदीच्या थिएटरांत राजरोस लागला.

आणि पोकेमॉन? २०१६ मध्ये मोबाइलवरचा 'पोकेमॉन गो' आला तेव्हा तिथल्या उलेमांच्या सचिवालयानं २००१ चा फतवा पुन्हा वर काढला. गाजावाजा झाल्यावर सरकारनं सांगितलं की नवा काही काढलेला नाही. २०२५ मध्ये 'पोकेमॉन गो'चा धंदा स्कोपली नावाच्या कंपनीनं साडेतीन अब्ज डॉलरला घेतला. ही स्कोपली सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या मालकीची आहे. म्हणजे अब्बा दम्मामहून ज्याच्याबद्दल फोन करत होते, ते आता सौदीच्याच खिशात आहे. माझ्या बंबातली राख तेवढी कुणी परत घेतली नाही.

गेल्या वर्षी भावाचा फोन आला. तो आता पुण्यात असतो, त्याला सहा वर्षांची मुलगी आहे. तिला कुणीतरी लाबुबू दिली होती, ती दात विचकणारी, लांब कानांची केसाळ बाहुली. आणि आमच्या खानदानाच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता की लाबुबू म्हणजे पझुझू नावाचा सैतान, घरात ठेवू नका, जाळा. या वेळी तो मेसेज सगळ्याच धर्मांच्या ग्रुपवर होता. बाहुली काढली कासिंग लुंग या हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या चित्रकारानं. ते वाढले नेदरलँड्समध्ये आणि उत्तर युरोपातल्या परीकथांवरून त्यांना ती सुचली. पझुझूचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय प्राचीन इराकमध्ये गरोदर बायका आणि बाळं यांना दुसऱ्या एका राक्षसिणीपासून वाचवण्यासाठी पझुझूचाच ताईत वापरत. खरा प्रश्न इथंही तोच होता, बंद डब्यात कोणती बाहुली निघेल ते न सांगता विकणं. चीननं २०२३ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना असे डबे विकू नका असा नियम केला. हे मी भावाला सांगत होतो, तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाई, जाळायचं की नाही हे मी तुला विचारतच नाहीये. मी तुला एक गोष्ट सांगायला फोन केलाय."

त्या दिवशी सगळी कार्डं जळली नव्हती. एक त्यानं तिसरीच्या बालभारतीच्या खाकी कव्हरच्या आत सरकवलं होतं. वर्षभर ते तिथं होतं. त्याला वाटायचं की आपल्या दप्तरात काहीतरी नापाक आहे आणि त्यामुळे आपली नमाज कबूल होत नाही. रात्री तो ते पुस्तक दाराबाहेर ठेवायचा. पावसात भिजलं म्हणून एकदा अम्मानं त्याला मारलं होतं, तेही मला आठवलं, मीच अम्माला सांगितलं होतं. एवढं सगळं सोसलं, पण कार्ड टाकलं नाही. का टाकलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सुरवंट होता रे. त्याचं फुलपाखरू व्हायचं बाकी होतं."

त्या रविवारी मी पुण्याला गेलो. कार्ड आता त्याच्या मुलीच्या कंपासपेटीत आहे. कडा झिजल्यात. तिनं मला त्याची ताकद किती, पुढे काय होतं, सगळं समजावून सांगितलं. कार्टूनचे भाग तिनं पाहिलेत, त्यामुळे तिला खरी गोष्ट माहीत आहे. बंबाखाली राहणाऱ्या प्राण्याची गोष्ट मात्र तिला माहीत नव्हती. ती भावानं तिला तेव्हा सांगितली, मी बाजूला बसलो होतो.

माझी वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर विचारा.